मेमरीचे संरक्षण: कुठे शिकावे, कसे शिकावे

संगणकशास्त्राच्या बहुतेक अभ्यासक्रमांत मेमरी संरक्षण, म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या किंवा ऑपरेटिंग सिस्टीमच्या मेमरीला हात लावू न देण्याची यंत्रणा, हा विषय एका ठिकाणी पूर्ण शिकवला जात नाही. संगणक रचनेच्या विषयात पत्त्यांचे रूपांतर आणि टीएलबी (केलेली रूपांतरे लक्षात ठेवणारा प्रोसेसरचा भाग) येतात, ऑपरेटिंग सिस्टीमच्या विषयात पेज टेबल आणि पेज फॉल्ट येतात, सुरक्षेच्या विषयात स्टॅकवरील अतिक्रमण येते, आणि सी भाषेच्या प्रात्यक्षिकात ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हे शब्द केवळ कटकट म्हणून पदरी पडतात. ही चारही एकाच यंत्रणेची अंगे आहेत, परंतु त्यांची सांगड घालण्याचे काम विद्यार्थ्यावरच सोडलेले असते. परीक्षेत पेज टेबलाची आकृती अचूक काढणारा विद्यार्थी अ‍ॅरेच्या बाहेर लिहूनही प्रोग्राम का कोसळला नाही हे सांगू शकत नाही, याचे कारण हेच आहे.

ही सांगड घरच्या संगणकावर कशी घालावी, याचा एक क्रम येथे मांडला आहे. सी भाषेतील पॉइंटरपर्यंतची ओळख, लिनक्स असलेला संगणक किंवा आभासी यंत्र, जीसीसी हा कंपायलर आणि जीडीबी हा डीबगर एवढी तयारी पुरेशी आहे. पद्धत मात्र काटेकोरपणे पाळावी. प्रत्येक प्रयोग चालवण्यापूर्वी वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: नियम कोणी लिहिला, तो कोणी तपासला, आणि तपासणीचे सर्वांत लहान माप कोणते. मग प्रयोग चालवावा. उत्तर आधी न लिहिता केलेला प्रयोग पाहताना सगळे कळल्यासारखे वाटते आणि हाती फारसे काही लागत नाही.

आधी लागणारी समज

प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, स्वतःचे आभासी पत्ते मिळतात. प्रोग्राम जो पत्ता वापरतो तो प्रत्यक्ष मेमरीतील पत्ता नसतो. प्रोसेसरमधील एमएमयू हा भाग पेज टेबल पाहून त्याचे रूपांतर करतो. रूपांतर एकेका बाइटचे होत नाही, तर संपूर्ण पेजचे, म्हणजे मेमरीच्या ठरावीक मापाच्या तुकड्याचे होते, आणि इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर पेजचे नेहमीचे माप ४०९६ बाइट असते. पेज टेबलातील प्रत्येक नोंदीत प्रत्यक्ष पेजच्या क्रमांकाशेजारी काही परवानगीचे बिट असतात: नोंद वैध आहे का, पेजवर लिहिता येते का, त्यातील सूचना चालवता येतात का, आणि सामान्य प्रोग्रामला ते पेज वापरता येते की फक्त कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला.

येथे एक गैरसमज आधीच दूर करणे आवश्यक आहे, कारण तो राहिला तर पुढचे सारे वाकडे समजते. प्रोग्राम मेमरीला हात लावतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम ते तपासत नाही. त्या क्षणी कर्नल चालूच नसते. कर्नल नियम आगाऊ पेज टेबलात लिहून ठेवते, प्रोसेसर प्रत्येक वाचन-लेखनाच्या वेळी ते बिट तपासतो, आणि नियम मोडला गेला तरच अपवाद (पेज फॉल्ट) उभा राहून कर्नलकडे नियंत्रण जाते. एका सेकंदात होणारे मेमरीचे व्यवहार अब्जावधींच्या घरात असल्यामुळे दुसरी कोणतीही वाटणी व्यवहार्य ठरली नसती. प्रोग्रामला स्वतःचे पेज टेबल बदलता येऊ नये म्हणून प्रोसेसरला किमान दोन अवस्था लागतात, एक सामान्य आणि एक विशेषाधिकाराची. पेज टेबल कोठे आहे हे सांगणारे रजिस्टर फक्त दुसऱ्या अवस्थेतच बदलता येते.

रूपांतर आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही याच टप्प्यावर मनात पक्के करावे. इतिहास त्याला साक्ष आहे. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकाने १९६२ मध्ये पेजिंग वापरले, ते प्रामुख्याने लहान मुख्य मेमरी आणि मोठा ड्रम यांना एकसंध भासवण्यासाठी. उलट १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टीम ३६० मध्ये पत्त्यांचे रूपांतर नव्हते, पण संरक्षणाची सोय होती: मेमरीच्या प्रत्येक २०४८ बाइटच्या तुकड्याला चार बिटांची एक किल्ली दिलेली असे आणि चालू प्रोग्रामची किल्ली तिच्याशी जुळली नाही तर लेखन नाकारले जाई. शून्य ही किल्ली सर्वत्र चाले आणि ती ऑपरेटिंग सिस्टीमकडे राही. वैयक्तिक संगणकांच्या घराण्यात १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरकडे यांपैकी काहीच नव्हते. १९८२ च्या ८०२८६ ने संरक्षित अवस्था आणली आणि १९८५ च्या ८०३८६ ने तिच्यात पेजिंगची भर घातली. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हे नाव सेगमेंटच्या जुन्या काळातून आलेले आहे; आज त्यामागे बहुतेक वेळा पेज फॉल्टच असतो.

पहिला टप्पा: लिनक्सवर नियम मोडून पाहणे

लिनक्समध्ये ‘प्रॉक’ या निर्देशिकेखाली प्रत्येक चालू प्रोसेसच्या क्रमांकाची एक उपनिर्देशिका असते आणि तिच्यात ‘मॅप्स’ नावाची फाइल असते. क्रमांकाऐवजी ‘सेल्फ’ असे लिहिले की वाचणाऱ्या प्रोसेसची स्वतःचीच माहिती मिळते. म्हणून ‘कॅट’ या आज्ञेने ती फाइल छापली की कॅट प्रोग्रामचाच नकाशा समोर येतो. प्रत्येक ओळीत पत्त्यांची एक कक्षा आणि तिच्यापुढे चार अक्षरे असतात: आर म्हणजे वाचन, डब्ल्यू म्हणजे लेखन, एक्स म्हणजे सूचना चालवणे, आणि शेवटी पी किंवा एस, म्हणजे खासगी किंवा सामायिक. परवानगी नसेल तेथे आडवी रेघ असते. ही फाइल दोनदा छापून दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्यात. पत्ते बदललेले दिसतील, कारण लिनक्स प्रत्येक वेळी जागा यादृच्छिकपणे निवडते; परवानग्या मात्र त्याच राहतील. लेखन आणि सूचना चालवणे या दोन्ही परवानग्या एकत्र असलेली ओळ सापडते का, ते शोधावे. साध्या प्रोग्राममध्ये ती सहसा सापडणार नाही, आणि ती का नसावी याचे उत्तर पुढे येते.

आता सी भाषेत दोन छोटे प्रोग्राम लिहावेत. पहिल्यात कॅरेक्टर पॉइंटरला दुहेरी अवतरणातील मजकूर देऊन त्याच्या पहिल्या अक्षरावर लिहावे. दुसऱ्यात तोच मजकूर कॅरेक्टर अ‍ॅरेला देऊन तेच करावे. पहिला कोसळतो, दुसरा चालतो. सी भाषेच्या मानकानुसार पहिल्या प्रोग्रामचे वर्तन अनिश्चित आहे, एवढे सांगून बरीच पुस्तके थांबतात; परंतु कारण नकाशात दिसते. पहिल्यातील मजकूर फक्त वाचनाची परवानगी असलेल्या पेजमध्ये ठेवलेला आहे, आणि दुसऱ्यात त्याची प्रत स्टॅकवर, म्हणजे लेखनाची परवानगी असलेल्या पेजमध्ये घेतली जाते. कोसळल्यानंतर शेलमध्ये शेवटच्या आज्ञेचा परतावा पाहिला तर १३९ हा आकडा मिळतो. तो १२८ अधिक ११ आहे, आणि ११ हा लिनक्समधील सेगमेंटेशन सिग्नलचा क्रमांक आहे.

यानंतरचा प्रयोग माझ्या मते संपूर्ण विषयात सर्वांत मोलाचा आहे, म्हणून त्यावर घाई करू नये. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच ‘मॅलॉक’ने १६ बाइट मागावेत आणि मिळालेल्या पत्त्यापासून पुढे एकेक बाइट लिहीत जावे, सोळाव्यानंतरही थांबू नये. पॉइंटर ‘व्होलटाइल’ घोषित करावा आणि कंपायलरचे ऑप्टिमायझेशन बंद ठेवावे, नाहीतर कंपायलर ही लेखने गाळू शकतो. चालवण्यापूर्वी अंदाज लिहावा: कितव्या बाइटला प्रोग्राम थांबेल? बहुतेक जण १७ लिहितात, पेजिंग नुकतेच शिकलेले ४०९७ लिहितात, आणि दोघांचेही उत्तर चुकते. ग्लिबसी हे वाचनालय वापरणाऱ्या नेहमीच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर पहिल्या मागणीच्या वेळी हीपसाठी (मॅलॉक ज्यातून जागा देते त्या भागासाठी) एकदम सुमारे १३२ किलोबाइट जागा घेतली जाते, ती सारी लेखनयोग्य असते, आणि तिच्या शेवटच्या पेजची सीमा ओलांडेपर्यंत प्रोसेसरला आक्षेप घेण्याचे कारणच नसते.

वहीतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे पहिल्यांदा अंगाशी येते. प्रोसेसरला पेज कळते, अ‍ॅरे कळत नाही. सोळा बाइटांची मर्यादा ही प्रोग्रामर आणि मॅलॉक यांच्यातील समजूत आहे. ती पेज टेबलात कोठेही लिहिलेली नाही. तोच प्रोग्राम कंपायलरच्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या सोयीसह पुन्हा बांधला तर तो बरोबर सतराव्या बाइटला थांबतो, पण आता तपासणी करणारा वेगळा असतो: कंपायलरने प्रत्येक लेखनाआधी स्वतःची तपासणी घातलेली असते आणि त्यासाठी मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट नोंद राखलेली असते. मेमरी संरक्षण आणि मेमरी सुरक्षितता यांत फरक आहे तो हाच. पहिले एका प्रोसेसला दुसरीपासून आणि कर्नलला सर्वांपासून वाचवते. दुसरी एकाच प्रोग्रामला त्याच्या स्वतःच्या चुकांपासून वाचवते आणि ती भाषेने किंवा कंपायलरने द्यावी लागते. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने ‘फिंगर’ सेवेच्या प्रोग्राममधील स्टॅकवरचा बफर ओलांडला, तेव्हा पेजच्या नियमांच्या दृष्टीने ते लेखन पूर्णपणे वैध होते.

पुढे परवानग्या स्वतः बदलून पाहाव्यात. ‘एममॅप’ या कॉलने एक पेज मागावे, त्यावर लिहावे, मग ‘एमप्रोटेक्ट’ने त्याची लेखनाची परवानगी काढून घ्यावी आणि पुन्हा वाचून व लिहून पाहावे. एमप्रोटेक्टला पेजच्या सुरुवातीचा नसलेला पत्ताही मुद्दाम देऊन पाहावा; कॉल अवैध मूल्याची त्रुटी देऊन परत येतो, कारण अर्ध्या पेजला वेगळा नियम देण्याची सोय हार्डवेअरमध्येच नाही. आता ‘सिगअ‍ॅक्शन’ वापरून सेगमेंटेशन सिग्नलसाठी स्वतःचे हँडलर बसवावे आणि त्याला मिळणाऱ्या माहितीतील दोन गोष्टी छापाव्यात: आक्षेपार्ह पत्ता आणि कारणाचा संकेतांक. हँडलरमध्ये ‘प्रिंटएफ’ऐवजी ‘राइट’ हा कॉल वापरावा. केवळ-वाचन पेजवर लिहिल्यास संकेतांक २ येतो, म्हणजे जागा आहे पण परवानगी नाही. पेज ‘एमअनमॅप’ने परत करून मग वाचल्यास १ येतो, म्हणजे त्या पत्त्यावर काही नाहीच. हे दोन संकेतांक ओळखता आले की डीबगिंगचा निम्मा वेळ वाचतो.

याच हँडलरमध्ये एक बदल करावा: त्यात एमप्रोटेक्ट बोलावून लेखनाची परवानगी परत द्यावी आणि हँडलर संपू द्यावे. प्रोग्राम कोसळत नाही. ज्या सूचनेवर तो अडला होता तीच सूचना पुन्हा चालवली जाते आणि या वेळी ती यशस्वी होते. परवानगी न देताच हँडलर संपवले तर तीच सूचना पुन्हा अडते, पुन्हा हँडलर येते, आणि हे चक्र प्रोग्राम बाहेरून थांबवेपर्यंत चालू राहते. फॉल्ट म्हणजे शिक्षा नव्हे, तर कर्नलला मध्ये पडण्याची मिळालेली संधी आहे, ही कल्पना येथे स्पष्ट होते. मागणीनुसार पेज आणणे, फोर्कनंतर (म्हणजे प्रोसेसने स्वतःसारखी दुसरी प्रोसेस निर्माण केल्यावर) पेजेसची प्रत लांबणीवर टाकणे, स्टॅक आपोआप वाढवणे ही सारी कामे कर्नल याच संधीवर करते.

इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिटांचा प्रोसेसर असेल तर आणखी एक प्रयोग अवश्य करावा. एममॅपने मिळालेल्या पेजच्या पहिल्या बाइटमध्ये दशमान १९५ हे मूल्य लिहावे. ती ‘रिटर्न’ ही यंत्रसूचना आहे. त्या पत्त्याचा फंक्शन पॉइंटर करून तो बोलवावा. पेजला फक्त वाचन व लेखनाची परवानगी असेल तर सूचना आणतानाच फॉल्ट येतो. एमप्रोटेक्टने वाचन व सूचना चालवण्याची परवानगी दिल्यावर फंक्शन निमूटपणे परत येते. या घराण्यात ही बंदी करणारा बिट पेज टेबलाच्या नोंदीतील ६३ क्रमांकाचा, म्हणजे सर्वांत वरचा आहे. तो एएमडीच्या ६४ बिटांच्या रचनेबरोबर २००३ मध्ये आला. एखादे पेज एकतर लिहिण्याजोगे असावे किंवा चालवण्याजोगे, दोन्ही नसावे, हे धोरण ओपनबीएसडीने त्याच वर्षी स्वीकारले आणि विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने २००४ मध्ये तशाच प्रकारची सोय आणली. मॅप्स फाइलमध्ये लेखन आणि सूचना चालवणे या परवानग्या एकत्र का सापडत नाहीत, त्याचे उत्तर हे आहे.

दुसरा टप्पा: कागदावर एक पत्ता सोडवणे

प्रयोगांनंतर आकडेमोड करावी, आधी नव्हे. त्यासाठी मी रिस्क-फाइव्ह या रचनेची एसव्ही३९ ही पद्धत सुचवतो, कारण ती इंटेलच्या पद्धतीपेक्षा स्वच्छ आहे आणि पुढच्या टप्प्यात तीच लागणार आहे. यात आभासी पत्त्याचे ३९ बिट उपयोगात येतात: वरून नऊ, नऊ आणि नऊ बिटांचे तीन निर्देशांक, आणि उरलेले १२ बिट पेजच्या आतील अंतर. प्रत्येक टेबलात ५१२ नोंदी, प्रत्येक नोंद आठ बाइटांची, म्हणजे एक टेबल बरोबर एका पेजमध्ये बसते.

षोडशमान ४०२०३०१८ हा पत्ता घ्यावा. शेवटचे तीन अंक ०१८ हे बारा बिट आहेत. त्यांचे दशमान मूल्य २४, हे पेजच्या आतील अंतर. उरलेला ४०२०३ हा पेजचा क्रमांक नऊ-नऊ बिटांत तोडला की वरचा निर्देशांक १, मधला १ आणि खालचा ३ मिळतो. म्हणजे मूळ टेबलातील १ क्रमांकाची नोंद दुसऱ्या टेबलाकडे नेते, त्यातील १ क्रमांकाची नोंद तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यातील ३ क्रमांकाची नोंद प्रत्यक्ष पेज सांगते. मोजणी शून्यापासून आहे हे विसरू नये.

आता शेवटच्या नोंदीतील परवानग्या. तळाच्या बिटापासून क्रमाने वैधता, वाचन, लेखन, सूचना चालवणे आणि सामान्य प्रोग्रामची परवानगी अशी मांडणी असते, म्हणजे त्यांची मूल्ये १, २, ४, ८ आणि १६. सामान्य प्रोग्रामच्या डेटा पेजचे बिट १ + २ + ४ + १६ = २३, आणि सूचनांच्या पेजचे १ + २ + ८ + १६ = २७. ‘वापरले गेले’ आणि ‘लिहिले गेले’ या नोंदींचे ६४ आणि १२८ हे बिट त्यात मिसळले की हेच आकडे मोठे दिसतात. लेखन आहे पण वाचन नाही, असे संयोजन या रचनेत राखीव ठेवलेले असून ते वापरता येत नाही.

टेबल अनेक पातळ्यांचे का असते, याचेही उत्तर एका गुणाकारात मिळते. ३२ बिटांच्या पत्त्यांसाठी एकच सलग टेबल केले तर सुमारे साडेदहा लाख नोंदी होतात, आणि चार बाइटांची नोंद धरली तर प्रत्येक प्रोसेसमागे ४ मेगाबाइट लागतात. हीच कल्पना इंटेलच्या ४८ बिटांच्या पत्त्यांना लावली, जेथे नोंद आठ बाइटांची असते, तर एका प्रोसेसच्या टेबलालाच ५१२ गिगाबाइट लागतील. पातळ्या केल्या की न वापरलेल्या विस्तारासाठी खालची टेबले तयारच करावी लागत नाहीत.

तिसरा टप्पा: शिकवणीची कर्नल

लिनक्सचे मेमरी व्यवस्थापन वाचून शिकण्याचा प्रयत्न नवख्याने करू नये. ते फार मोठे आहे आणि त्यातील निम्म्या ओळी वेगासाठी आहेत. यासाठी मुद्दाम लहान ठेवलेली कर्नल उपलब्ध आहेत. एमआयटीमध्ये २००६ साली ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यासक्रमासाठी एक्सव्ही६ लिहिले गेले. ते युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर असून २०१९ पासून रिस्क-फाइव्हवर चालते, आणि त्याचा कोड व प्रात्यक्षिकांची सूचनापत्रे सर्वांसाठी खुली आहेत. स्टॅनफर्डमध्ये २००४ साली बेन फाफ यांनी पिंटॉस तयार केले. ते इंटेलच्या ३२ बिटांच्या रचनेवर चालते आणि त्यातील स्वाध्याय अधिक लांब व कठीण आहेत. बर्कलीतील नॅकोस १९९२ चे असून त्यात सामान्य प्रोग्राम मिप्स प्रोसेसरच्या नकलेवर चालतात, पण कर्नल मात्र यजमान संगणकावरील साधा प्रोग्राम म्हणून चालते. डीबगिंगला ते सोपे जाते, परंतु संरक्षण शिकण्यासाठी माझी पसंती एक्सव्ही६लाच आहे, कारण त्यात कर्नल स्वतःही पेज टेबलाच्या मागेच चालते आणि चूक झाली की तीच कोसळते.

एक्सव्ही६ चालवण्यासाठी क्यूएमयू हे अनुकरणयंत्र आणि रिस्क-फाइव्हचा कंपायलर लागतो. प्रथम मेमरीची मांडणी सांगणारी हेडर फाइल वाचावी आणि मग ‘व्हीएम’ नावाच्या फाइलमधील ‘वॉक’ हे फंक्शन. कागदावर केलेली तीन पातळ्यांची चाल तेथे जेमतेम वीसेक ओळींत लिहिलेली आहे. त्यानंतर एक छोटा स्वाध्याय करावा: चालू प्रोसेसचे पेज टेबल छापणारे फंक्शन लिहावे आणि पहिल्या प्रोसेसचे टेबल पाहून प्रत्येक पेजच्या परवानगीचा आकडा ओळखावा. स्टॅकच्या खालचे एक पेज वैध असूनही त्यात १६ चा बिट नाही, असे दिसेल. ते राखणीचे पेज आहे: स्टॅक खाली ओसंडला तर प्रोग्रामने शेजारचा डेटा चिरडण्याऐवजी फॉल्ट यावा, म्हणून सामान्य प्रोग्रामची परवानगी त्यातून मुद्दाम काढलेली असते.

दुसरा छोटा प्रयोग शून्य पॉइंटरचा. लिनक्सवर शून्य पत्ता वाचला की प्रोग्राम कोसळतो, कारण तेथे काहीच जोडलेले नसते. सामान्य प्रोग्रामला अगदी खालचे पत्ते, बहुतेक यंत्रांवर पहिले ६५५३६ बाइट, स्वतःहून जोडूनही घेता येत नाहीत. एक्सव्ही६मध्ये मात्र सामान्य प्रोग्रामच्या सूचना शून्य पत्त्यापासूनच ठेवलेल्या असतात, त्यामुळे शून्य पॉइंटर वाचल्यास प्रोग्रामचेच यंत्रसंकेत मिळतात आणि कोणीही आक्षेप घेत नाही. शून्य पॉइंटरपासूनचे संरक्षण हे हार्डवेअरचे वैशिष्ट्य नसून कर्नलने पाळलेली रीत आहे, हे यापेक्षा थेट दाखवणारा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही.

खरा कस लागतो तो फोर्कच्या वेळी प्रत लांबणीवर टाकण्याच्या स्वाध्यायात. फोर्क झाल्यावर मूळ प्रोसेसची सर्व पेजेस लगेच न उतरवता दोघींना तीच पेजेस द्यायची, दोघींच्याही टेबलांतून लेखनाची परवानगी काढायची, आणि ज्या प्रोसेसने आधी लिहिण्याचा प्रयत्न केला तिला त्या फॉल्टमध्ये नवी प्रत करून द्यायची. एमप्रोटेक्टच्या हँडलरमध्ये जे केले तेच आता कर्नलच्या आत करायचे आहे. रिस्क-फाइव्हमध्ये फॉल्टचे कारण एका रजिस्टरमध्ये मिळते: सूचना आणताना १२, वाचताना १३, लिहिताना १५. आक्षेपार्ह पत्ता दुसऱ्या रजिस्टरमध्ये असतो.

या स्वाध्यायात अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली: लेखनाचा फॉल्ट आला म्हणजे प्रत करून द्यायची, एवढेच लिहिले तर प्रोग्रामला स्वतःच्या सूचनांच्या पेजवरही लिहिता येते आणि संरक्षणच नाहीसे होते. म्हणून मुळातच केवळ-वाचन असलेले पेज आणि तात्पुरते केवळ-वाचन केलेले पेज यांत भेद करणारी खूण हवी. नोंदीतील दोन बिट सॉफ्टवेअरसाठी मोकळे सोडलेले असतात, ते याकरिता वापरावेत. दुसरी: एकच प्रत्यक्ष पेज किती टेबलांत आहे याची मोजणी ठेवावी लागते, नाहीतर एक प्रोसेस संपताच दुसरीच्या पायाखालचे पेज मोकळे होते. तिसरी अडचण सर्वांत उशिरा कळते. कर्नल सामान्य प्रोग्रामच्या जागेत डेटा लिहिते तेव्हा एक्सव्ही६मध्ये ते स्वतः कोडने पेज टेबल चालून प्रत्यक्ष पत्ता काढते आणि आपल्या टेबलातून लिहिते; तेथे प्रोसेसर सामान्य प्रोग्रामचे बिट तपासतच नाही, त्यामुळे फॉल्ट येत नाही आणि सामायिक पेज चुपचाप खराब होते. ‘कॉपीआउट’ या फंक्शनमध्ये तीच तपासणी हाताने घालावी लागते. वहीतील दुसरा प्रश्न, तपासणारा कोण, येथे विचारला नसेल तर ही चूक शोधण्यात रात्री जातात.

टीएलबीचा विषयही येथेच निघतो. प्रोसेसर केलेली रूपांतरे परवानग्यांसकट लक्षात ठेवतो, म्हणून टेबलातील नोंद बदलल्यावर जुनी नोंद टाकून देण्याची सूचना द्यावी लागते. एक्सव्ही६ सामान्य प्रोग्रामकडे परतताना ती सूचना दर वेळी देते, त्यामुळे विद्यार्थ्याला तिची उणीव जाणवत नाही. अनेक प्रोसेसर असलेल्या मोठ्या कर्नलमध्ये मात्र एकाने परवानगी काढल्यावर बाकीच्यांना संदेश पाठवून त्यांच्याकडील जुन्या नोंदी काढायला लावणे हे खर्चिक काम असते.

यानंतर

येथवर येईपर्यंत जे चित्र उभे राहते त्यात प्रोसेसरची तपासणी अभेद्य मानलेली असते. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन या दोषाने त्याला धक्का दिला. बाधित प्रोसेसरांवर सामान्य प्रोग्रामने कर्नलचे पेज वाचण्याचा प्रयत्न केला तर फॉल्ट येतच असे, परंतु तो येण्यापूर्वी प्रोसेसरने अंदाजाने पुढे चालवलेल्या सूचना वाचलेल्या मूल्याचा माग कॅशमध्ये सोडत, आणि तो माग वेळ मोजून वाचता येई. उपाय म्हणून लिनक्सने सामान्य प्रोग्राम चालू असताना कर्नलची बहुतेक पेजेस टेबलातूनच काढून ठेवण्यास सुरुवात केली. योगायोग असा की एक्सव्ही६ची रिस्क-फाइव्ह आवृत्ती कर्नलसाठी वेगळेच टेबल ठेवते, त्यामुळे तिचा ट्रॅम्पोलिन नावाचा, सामान्य प्रोग्राम आणि कर्नल यांच्यात ये-जा करताना टेबल बदलणारा भाग समजलेल्या विद्यार्थ्याला हा उपाय वाचताना नवे फारसे काही शिकावे लागत नाही.

ज्यांचा ओढा लहान यंत्रांकडे आहे त्यांनी एआरएम कॉर्टेक्स-एम या लहान प्रोसेसरांचे एमपीयू (मेमरी संरक्षणाचा भाग) पाहावे. तेथे पत्त्यांचे रूपांतर मुळीच नसते, फक्त संरक्षण असते: कॉर्टेक्स-एम३मध्ये ही सोय ऐच्छिक असून ती असल्यास आठ कक्षा मिळतात, प्रत्येक कक्षा किमान ३२ बाइटांची, तिचे माप दोनच्या घातात आणि तिची सुरुवात त्याच मापाच्या पटीत असावी लागते. पेज टेबलाची सवय झालेल्या विद्यार्थ्याला स्टॅक, डेटा, सूचना आणि उपकरणांचे पत्ते आठच कक्षांत बसवताना कागद-पेन्सिल घ्यावीच लागते. असा बोर्ड हाताशी असेल तर पहिल्या टप्प्यातील केवळ-वाचन पेजचा प्रयोग त्यावर पुन्हा करावा आणि वहीतील तिन्ही उत्तरे नव्याने लिहावीत. तपासणारा तोच असला तरी नियम लिहिणारा या वेळी स्वतः विद्यार्थी असेल आणि माप ४०९६ नसेल.